२६ ऑक्टोबर १९७०

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहायच्या नाहीत एवढं मी आधी ठरवलं. त्या लिहिणारे आपल्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा बरे आहेत. मी वीस वर्षं अमेरिकेत आहे, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला सर्वांत जास्त विचारले गेलेले प्रश्न सॉफ्टवेअरचे नाहीत, पैशांचे आहेत. "लेक मास्टर्सला निघाली आहे, तिकडे बँकेचं कसं करायचं?" "भाच्याला भाड्याने घर देत नाहीत, क्रेडिट हिस्टरी नाही म्हणतात, म्हणजे काय?" "आईच्या खात्यावर भावाचं नाव आहे आणि तो तिकडे नागरिक झाला, काही अडचण येईल का?"

उत्तरं मी एकेकाला देत आले. देता देता लक्षात आलं, की यातले बरेचसे धागे मागे ओढत नेले तर एकाच तारखेपाशी पोचतात: २६ ऑक्टोबर १९७०. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली. क्रमांक ९१-५०८. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या तीन गोष्टी त्यात एकत्र बांधलेल्या होत्या. एक, आपल्याविषयी पतमापन कंपनीने जी फाइल ठेवली आहे ती जाणून घेण्याचा आणि चूक असल्यास हरकत घेण्याचा हक्क. दोन, न मागता क्रेडिट कार्ड पाठवायला बंदी, आणि कार्ड चोरीला गेलं तर मालकाच्या गळ्यात जास्तीत जास्त ५० डॉलरचा भुर्दंड. आणि तीन, परदेशातल्या बँक खात्यांची माहिती सरकारला देण्याची सक्ती. पहिल्या दोन गोष्टींनी माझ्यासारखीला वाचवलं आहे, आणि तिसरीमुळे माझी आई दर जानेवारीत माझ्यावर चिडते. इतिहासाच्या तासाला सनावळ्या आपल्याला कोरड्या वाटायच्या. ही सनावळी मात्र आमच्या घरात रोजच्या वापरात आहे.

आधी फाइलची गोष्ट.

आपल्या गावात कर्ज कसं मिळायचं ते सगळ्यांना आठवत असेल. पतसंस्थेत अर्ज द्यायचा, दोन जामीनदार आणायचे, आणि खरा निर्णय व्हायचा तो "हा अमक्याचा नातू ना? मग चालेल" या वाक्यावर. अमेरिकेत पूर्वी फार वेगळं नव्हतं. कॅटर वुलफर्ड नावाचा एक किराणा दुकानदार टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावात होता. कोणतं गिऱ्हाईक उधारी फेडतं आणि कोणतं बुडवतं याची यादी त्याने तिथल्या किराणा व्यापाऱ्यांच्या संघासाठी केली. यादीला मागणी आहे म्हटल्यावर १८९९ साली तो आणि त्याचा भाऊ गाय अटलांटा शहरात गेले आणि त्यांनी 'रिटेल क्रेडिट कंपनी' काढली. गिऱ्हाइकांची वर्गवारी साधी होती: वेळेवर देतो, उशिरा देतो, याच्याकडून रोखच घ्या. वाण्याच्या वहीचीच ही मोठी आवृत्ती.

पुढे कंपनी विमा कंपन्यांसाठीही माहिती गोळा करू लागली आणि वहीचं रूप पालटलं. कंपनीची माणसं शेजारीपाजारी जाऊन विचारपूस करायची. दारू किती पितो, घर नीटनेटकं असतं का, नवरा-बायकोचं पटतं का, बाहेर काही भानगड आहे का. हे सगळं फाइलमध्ये जायचं. १९६० च्या दशकापर्यंत अशा फाइली कोट्यवधी लोकांच्या झाल्या होत्या, आणि ज्याची फाइल त्यालाच ती दाखवायची नाही असा दंडक होता. नोकरी नाकारली गेली, विमा नाकारला गेला, तरी कशामुळे ते कळायचं नाही. गावातल्या कुजबुजीला निदान तोंड असतं. आज ना उद्या कानावर येतंच, कोण काय बोललं ते. इथे कुजबुज कपाटात कुलूपबंद होती आणि विकली जात होती.

त्याच काळात बँकांनी दुसरा घोळ घातला. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात सुमारे ६० हजार लोकांना न विचारता घरपोच क्रेडिट कार्डं पाठवली. हेच कार्ड पुढे व्हिसा या नावाने जगभर गेलं. बँकेचा अंदाज होता की साधारण ४ टक्के लोक पैसे थकवतील. थकवले २२ टक्क्यांनी. तरी धडा घेतला कोणी? १९६६ च्या नाताळाआधी शिकागोतल्या बँकांनी लाखो कार्डं टपालात टाकली. ती लहान मुलांच्या नावाने गेली, मेलेल्यांच्या नावाने गेली, टपालातून चोरीला गेली, आणि न मागितलेल्या, न पाहिलेल्या कार्डावरच्या खर्चाची बिलं लोकांच्या दारात येऊन पडली.

या दोन्ही गोष्टींवर संसदेत सुनावण्या झाल्या. सिनेटमध्ये विस्कॉन्सिनचे विल्यम प्रॉक्समायर आणि प्रतिनिधिगृहात मिसूरीच्या लिओनोर सलिव्हन यांनी विषय लावून धरला. सलिव्हनबाईंचं नाव आज कुणाला आठवत नाही. ग्राहकांच्या प्रश्नांवरच्या उपसमितीच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि कर्जाचा खरा व्याजदर ग्राहकाला स्पष्ट सांगितला पाहिजे हा १९६८ चा कायदाही बराचसा त्यांच्या चिकाटीचा. मला त्या आपल्या गणिताच्या बाईंसारख्या वाटतात. उत्तर बरोबर असलं तरी "पायऱ्या कुठे आहेत?" असं विचारणाऱ्या.

१९७० च्या कायद्याने मिळालेला हक्क सुरुवातीला अर्धामुर्धाच होता. फाइल पूर्ण दाखवायची नाही, तिचा आशय सांगायचा, एवढंच बंधन कंपन्यांवर होतं. फाइलमधलं सगळं दाखवण्याची सक्ती १९९६ च्या दुरुस्तीने आली. पण दोन कलमं पहिल्यापासून भक्कम होती. कर्ज किंवा नोकरी या फाइलीमुळे नाकारली, तर तसं कळवायचं आणि फाइल कोणाची तेही सांगायचं. आणि कोणी हरकत घेतली, तर तपास करून चुकीची नोंद काढायची. रिटेल क्रेडिट कंपनीने थोड्याच वर्षांत नाव बदललं. ती आता इक्विफॅक्स म्हणून ओळखली जाते. ट्रान्सयुनियन आणि एक्सपीरियन या इतर दोन मोठ्या कंपन्या.

इथे आपल्या संचयिकेची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. शनिवारी मधल्या सुट्टीत दोन-पाच रुपये भरायचे, आपल्यातलाच कोणी रोखपाल व्हायचा, आणि पासबुकात नोंद झाली की बाई म्हणायच्या, "आपापलं पुस्तक बघून घ्या, मग जागेवर जा." आपापलं पुस्तक बघायचं, हे आठवीतल्या मुलांना जे सहज मिळत होतं, ते एका प्रगत देशातल्या मोठ्या माणसांना कायद्याने मिळवावं लागलं.

भारतीय माणूस अमेरिकेत मोठ्या संख्येने जायला लागला तो १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर, म्हणजे हे सगळं घडत असतानाच. शिकागोत १९६९ साली महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं होतं. त्या पिढीतली काका-काकू मंडळी मला सांगतात, की भारतातून निघताना आठ डॉलर हातावर मिळायचे, परकीय चलनाची टंचाईच तशी होती. त्याच १९७० साली भारतात परदेशस्थांसाठी एनआरई खातं सुरू झालं. मग १९७३ चा फेरा कायदा आला, त्याने प्रत्येक डॉलरवर पहारा बसवला, आणि तो पहारा जून २००० मध्ये फेमा लागू झाल्यावर सैल झाला. आम्ही २००५ मध्ये आलो तेव्हा आठ डॉलरची वेळ नव्हती. पैसे होते. पण पत नव्हती.

हे नव्याने जाणाऱ्या मुलांना आधी समजावून सांगा. भारतातली पत विमानात बसत नाही. तिथे सिबिल स्कोअर कितीही चांगला असो, वडिलांच्या नावाने गावात कर्ज मिळत असो, अमेरिकेतल्या संगणकापुढे तुम्ही आज जन्मलेलं बाळ असता. वाईट नोंद नाही याला तिथे चांगली नोंद म्हणत नाहीत. मी पाचशे डॉलर बँकेत अनामत ठेवून पाचशे डॉलर मर्यादेचं कार्ड घेतलं आणि त्यावर दर महिन्याला पेट्रोल भरून पूर्ण बिल फेडत राहिले. स्वतःच्याच पैशांवर स्वतःला उधारी! माझे सासरे हे ऐकून इतके हसले होते, की त्यांनी ते सगळ्या वाड्याला सांगितलं.

त्या हसण्यामागचं गणित मात्र गंभीर आहे. १९५६ साली बिल फेअर हा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक हा गणिती, या दोघांनी एक छोटी कंपनी काढली. कर्ज कोण फेडेल याचा अंदाज शेजाऱ्यांना विचारून नव्हे, आकड्यांवरून बांधायचा, ही कल्पना. त्यांच्या आडनावांवरून आलेला फायको स्कोअर सर्वसाधारण वापरात आला १९८९ मध्ये: ३०० पासून ८५० पर्यंत. त्यात ३५ टक्के वजन वेळेवर फेडण्याला, ३० टक्के मर्यादेच्या मानाने किती वापरलं याला, १५ टक्के किती वर्षांची नोंद आहे याला. उरलेल्यात नवी कर्जं आणि कर्जांचे प्रकार. मी स्वतः याच प्रकारची कामं करते, म्हणून निःसंकोच सांगते: शेजारणीच्या मतापेक्षा हे सूत्र पुष्कळ बरं. त्याला जात कळत नाही, रंग कळत नाही. पण सूत्र कितीही सरळ असलं तरी त्यात घातलेला माल कोणाचा आहे, हा प्रश्न उरतोच. तो माझ्यावर येऊन आदळला.

२०११ सालची गोष्ट. न्यू जर्सीत आम्ही एक घर पसंत केलं होतं. मला सातवा महिना होता, आई बाळंतपणासाठी यायची होती, तिची खोलीसुद्धा मनात ठरली होती. कर्ज नाकारल्याचं पत्र आलं. १९७० च्या कायद्याप्रमाणे त्यात कोणत्या कंपनीचा अहवाल वापरला ते लिहिलं होतं. अहवाल मागवला. त्यात टेक्सासमधलं एक गाडीचं कर्ज, चार हप्ते थकलेलं. एका हॉस्पिटलचं न भरलेलं बिल. आणि मी कधीही न पाहिलेल्या गावातला पत्ता. सगळं माझ्या नावावर. म्हणजे नावावर होतं हे खरंच. माझ्याच नावा-आडनावाची दुसरी एक बाई तिथे राहत होती, आणि आमच्या दोघींच्या फाइली एकमेकींत मिसळल्या होत्या.

हे कसं होतं, ते मी धंद्याने समजू शकते. कर्ज देणारे दर महिन्याला लक्षावधी नोंदी पाठवतात. कुठे नावाचं स्पेलिंग वेगळं, कुठे नंबरातला आकडा चुकलेला. नोंद वाया जाऊ नये म्हणून जुळवणीचे नियम सैल ठेवतात. नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबरातले सात जुळले आणि नावही जुळलं, तर माणूस एकच असं धरणाऱ्या जुळवण्या झालेल्या आहेत. पाटील, शाह, देशमुख, कुलकर्णी या आडनावांच्या माणसांचं अशा ठिकाणी काय होत असेल, विचार करा. आणि हा छळ फक्त आपला नाही. त्याच २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सर्जिओ रामिरेझ नावाचा माणूस गाडी घ्यायला गेला, तर त्याच्या अहवालात शेरा होता की याचं नाव सरकारच्या दहशतवादी आणि अमली पदार्थ तस्करांच्या यादीतल्या नावाशी जुळतं. केवळ पहिलं नाव आणि आडनाव ताडून ट्रान्सयुनियनने तो शेरा मारला होता. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा ८,१८५ लोकांपैकी ज्यांचे अहवाल प्रत्यक्ष बाहेर पाठवले गेले त्या १,८५३ जणांनाच त्या शेऱ्याबद्दल नुकसानभरपाई मागता येईल, असा निकाल २०२१ मध्ये लागला. बाकीच्यांची फाइल चुकीची होती, पण ती कपाटातच होती, म्हणून त्यांचं नुकसान नाही! मला हा निकाल आजही पटत नाही.

मी पत्र लिहिलं. फोन नाही, कागद. पासपोर्टची प्रत, लायसन्सची प्रत, सगळ्या भाडेकरारांच्या प्रती, आणि प्रत्येक चुकीच्या नोंदीसमोर एकेक ओळ: ही माझी नाही, कारण अमुक. पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पाठवलं. कायद्याने तीस दिवसांत तपास करावा लागतो. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: तपास केला, नोंदी बरोबर आहेत. तपास म्हणजे काय केलं होतं? माझ्या सोळा पानांचं सार दोन-तीन अक्षरी कोडमध्ये बसवून कर्ज देणाऱ्या कंपनीच्या संगणकाला विचारलं होतं, त्या संगणकाने "नाव जुळतं" म्हणून सांगितलं. संगणकाने संगणकाला विचारलं आणि दोघांचं एकमत झालं.

दुसरं पत्र मी दोन ठिकाणी पाठवलं: पतमापन कंपनीला, आणि ज्यांनी ती नोंद दिली त्या कर्ज कंपनीला थेट. नोंद देणाऱ्यावरही जबाबदारी आहे, हे १९९६ च्या दुरुस्तीने ठरलं होतं, आणि ग्राहकाने थेट त्याच्याकडे हरकत घ्यायची सोय २०१० च्या नियमांनी नुकतीच झाली होती. सोबत जन्मतारखेचा पुरावा. ती बाई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी होती. त्या गाडीचं पहिलं कर्ज काढलं गेलं तेव्हा मी आपल्या शाळेत नववीत बसून भूमितीची प्रमेयं पाठ करत होते, आणि शाळेच्या दाखल्यावर त्याचा पुरावा होता. हो, आपल्या शाळेचा दाखला मी इंग्रजी भाषांतरासह न्यू जर्सीतून पाठवला. मुख्याध्यापक सरांच्या सहीचा. नोंदी निघाल्या.

तोवर ते घर विकलं गेलं होतं. मुलगा दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात जन्मला, आई हॉलमध्ये झोपली. पुढचं घर घ्यायला दीड वर्ष लागलं. ती टेक्सासमधली बाई मला कधी भेटली नाही. पण तिचं वाईट माझ्याकडे आलं तसं माझं चांगलं तिच्याकडे गेलं असणार, आणि माझी फाइल साफ झाल्यावर तिचा स्कोअर एका रात्रीत कोसळला असेल का, हा विचार अधूनमधून येतो.

असं किती जणांचं होतं? सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. चारातल्या एकाला आपल्या अहवालात चूक सापडली, आणि शंभरातल्या पाचांची चूक अशी, की त्यापायी कर्ज महाग पडावं. त्यामुळे आपापलं पुस्तक बघून घ्या. २००३ च्या कायद्याने अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळू लागला, आता आठवड्याला मिळतो. इक्विफॅक्समधून २०१७ साली सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली, त्यानंतर सप्टेंबर २०१८ पासून फाइलला कुलूप लावणंही फुकट झालं. नवी मुलं कर्ज काढत नसतील तेव्हा कुलूप लावूनच ठेवावं. आणि दुकानात, ऑनलाइन, कुठेही क्रेडिट कार्ड वापरावं, डेबिट नाही. क्रेडिट कार्डाला १९७० ची ५० डॉलरची मर्यादा आहे. डेबिट कार्डाचा कायदा १९७८ चा, त्यात दोन दिवसांत कळवलं नाही तर भुर्दंड ५०० डॉलरपर्यंत जातो, आणि स्टेटमेंट आल्यावर साठ दिवस गप्प राहिलात तर त्यानंतर गेलेल्या पैशांना मर्यादाच नाही.

बायकांविषयी वेगळं लिहायला हवं. १९७४ पर्यंत अमेरिकेतही बँका विवाहित बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज नाकारत, पगार तिचा असला तरी. त्या वर्षीच्या कायद्याने ते थांबलं; १९७६ मध्ये वंश, धर्म, मूळ देश ही कारणंही त्यात आली. पण कायदा एका दाराने आत आला आणि आमच्याकडच्या बायका दुसऱ्या दाराबाहेर उभ्या होत्या. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या अनेकींना २०१५ च्या मे महिन्यापर्यंत कामाची परवानगी नव्हती, नंतरही काहींनाच मिळाली. काम नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, नंबर नाही म्हणून फाइल नाही. आमच्या मंडळातली एक ताई, पुण्याची, एम.एस्सी. झालेली. नवरा चाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. नऊ वर्षं घरातलं प्रत्येक बिल तिनेच हाताने भरलं होतं, पण खातं, कार्ड, विजेचं बिल, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर. मुलांना घेऊन सामान आवरायला जे तीन महिने हवे होते, तेवढ्यापुरतं स्वतःच्या नावाने भाड्याचं घरही तिला मिळेना. शेवटी मंडळातल्या दोघांनी सही केली. जामीनदारच की ते, आपल्या पतसंस्थेसारखे. कर्जावर नवरा-बायको दोघांचा हात असेल तर नोंद दोघांच्या नावे झाली पाहिजे, असा नियम १९७७ पासून आहे. त्यासाठी खात्यावर नाव मात्र पाहिजे. लेकी-सुनांना पाठवताना दागिन्यांच्या यादीबरोबर हेही बघा.

आता तिसरं कलम, आईच्या रागाचं. ते कलम रेटलं टेक्ससचे राइट पॅटमन यांनी, प्रतिनिधिगृहाच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष. डोळ्यांपुढे होती स्विस बँकांमधली गुप्त खाती आणि गुन्हेगारांचा पैसा. जाळ्यात आली माझी आई. बाबा गेल्यावर तिने आपल्या गावातल्या बँकेतल्या मुदत ठेवींवर माझंही नाव लावलं, 'दोघांपैकी एक किंवा हयात' या बोलीवर. पैसा सगळा तिचा, बाबांच्या फंडाचा. पण अमेरिकेत राहणाऱ्या, तिथे कर भरणाऱ्या माणसाची परदेशी खाती मिळून वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तर प्रत्येक खात्याचा वर्षातला सर्वांत मोठा आकडा कळवावा लागतो. नुसतं नाव असलं, सहीचा अधिकार असला, तरीसुद्धा. त्यावर कर लागतोच असं नाही. कळवलं नाही तर दंड मात्र लागतो. म्हणून मी दर जानेवारीत आईला फोन करून आकडे विचारते.

"भाजीचा हिशेब मी कधी तुझ्या बाबांनाही दिला नाही, त्या अमेरिकेला कशाला देऊ?"

"आई, पैसे मागत नाहीत गं, आकडा विचारतात."

"आकडा विचारणारे उद्या पैसे मागतात."

इतिहास तिच्या बाजूने आहे असं म्हणावं लागेल. कित्येक वर्षं या कलमाकडे कुणी लक्ष दिलं नाही. २००८ नंतर स्विस बँकांचं प्रकरण बाहेर आलं आणि सरकार जागं झालं. २०१० मध्ये फाट्का कायदा झाला, त्याने परदेशी बँकांनाच अमेरिकी ग्राहकांची माहिती द्यायला लावली. भारताने त्याबाबतचा करार २०१५ मध्ये केला. तेव्हापासून बँका तुमच्याकडून तो 'कर निवासी' फॉर्म भरून घेतात. अलेक्झांड्रू बिटनर हा रुमानियात जन्मलेला अमेरिकी नागरिक. मायदेशी परतून व्यवसायात उतरला, पाच वर्षांच्या खात्यांची माहिती द्यायची राहिली. नंतर त्याने आपणहून दिली, तर सरकारने प्रत्येक वर्षाच्या प्रत्येक खात्याला १० हजार असा हिशेब लावून २७ लाख २० हजार डॉलर दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की मुद्दाम न केलेल्या चुकीला दंड खात्यागणिक नव्हे, वर्षाच्या अर्जागणिक. दंड ५० हजारांवर आला. तोही काही थोडा नाही.

एकाच सहीने एका हाताने सांगितलं, तुझी फाइल तुला बघता येईल, आणि दुसऱ्या हाताने, तुझ्या आईची मला. मला दोन्ही पटतात असं नाही, पण दोन्ही पाळते. ज्यांची भावंडं, मुलं तिकडे आहेत आणि ज्यांनी प्रेमापोटी सगळ्या ठेवींवर त्यांची नावं लावली आहेत, त्यांनी त्यांच्याशी एकदा बोलून घ्यावं. बहुतेक ठिकाणी सहखातेदार न करता वारस म्हणून नामनिर्देशन केलं तरी हेतू साधतो. कोणत्या ठेवीसाठी काय योग्य, ते आपल्या सीएला विचारून ठरवा.

आपल्याकडे तरी आपापलं पुस्तक कुठे आधीपासून दिसत होतं? पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला, सिबिल २००० साली निघाली, आणि वर्षातून एक पत-अहवाल फुकट मिळायला २०१७ उजाडलं. तुमच्यापैकी कितीजणांनी तो मागवला आहे? हात वर करा, असं बाई विचारतील.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, मी दहावी 'ब'च्या वर्गात बसणार आहे. ज्यांची मुलं यंदा निघाली आहेत, किंवा ज्यांच्या कुणाची काही भानगड अडकली आहे, त्यांनी या. मुलांना बरोबर आणलंत तर उत्तम. कागदांच्या झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा.